मास्तरांचा जबाब

"पडद्यावरचं काही खरं नाही, बेटा. कागदावर येऊ दे."

असं म्हणून मास्तर एका बोटाने कंट्रोलचं बटण दाबून धरायचे, दुसऱ्याने पी दाबायचे आणि लाकडी पार्टिशनला कान लावायचे. पलीकडे हॉलमध्ये प्रिंटर करकरू लागला की त्यांचा चेहरा खुलायचा. मग पडद्यावर येईल ती प्रत्येक ओळ कागदावरही उमटे, तीच दोन बटणं पुन्हा दाबेपर्यंत.

पंख्यांच्या एका कारखान्याचं हिमायतनगरातलं ऑफिस होतं ते. कॉम्प्युटर एकच, त्याला एसीची केबिन. प्रिंटरचा आवाज साहेबांना सोसत नसे, म्हणून तो बाहेर आम्हा कारकुनांत ठेवलेला. मास्तर पूर्वी काचीगुड्यात टायपिंग शिकवायचे. ऑफिसातल्या निम्म्या लोकांची बोटं त्यांनीच वळवली होती, माझीसुद्धा. पन्नाशीत ते कॉम्प्युटर शिकले, इंग्रजी पुस्तक अक्षरशः पाठ करून.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. मास्तर कॉम्प्युटरला 'अहो' म्हणत. "अहो, आज रखडताय फार," असं त्याला म्हणून मग मला समजावत, "प्रिंटर चालू असला की पडदा त्याच्यासाठी थांबतो. ओळी रखडल्या की समजायचं, बाहेर छापणं चालूय. उठताना बंद करायचं. विसरायचं नक्को."

मी विसरले.

ते दिवस तुम्हाला आठवत असतील. देशाची दारं उघडली म्हणून पेपरात कौतुक चाललं होतं, आणि आमचे पंखे गोदामात पडून होते. कुणाकुणाला काढणार, एवढीच कुजबुज ऑफिसात असे. माझं प्रोबेशन संपलं नव्हतं. घरात कमावणारी मी एकटी.

एका दुपारी मी केबिनमध्ये मालाची यादी छापली आणि तशीच उठले. थोड्या वेळाने मोठे साहेब फ्लॉपी घेऊन आले. "फक्त बघायचंय. छापायचं नाही," असं मास्तरांना बजावून त्यांनी त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि आतून दार लावून घेतलं.

बाहेर प्रिंटर करकरू लागला. रोजचाच आवाज, कुणी मान वर केली नाही. डिस्पॅचचे क्लार्क आपला कागद समजून फाडायला गेले आणि तिथेच उभे राहिले. ती कपातीच्या माणसांची यादी होती. त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचलं. आपलं नाव आलं तेव्हा आवाज तेवढाच ठेवला. मग कागदाची घडी खिशात घातली आणि स्कूटर काढून थेट कारखान्यावर गेले. संध्याकाळी फाटकासमोर सगळे कामगार जमले होते.

चौकशी झाली. जबाब टाइप करायला मलाच बसवलं.

"प्रिंटर कोणी चालू ठेवला?"

"मी," मास्तर म्हणाले. "विसरलो."

"विसरलात की मुद्दाम?"

"विसरलो, साहेब." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावीकडे समास जास्त सोडा, बेटा. फाइलला भोकं पाडतात."

मी समास सोडला. त्यांचं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

मास्तर बडतर्फ झाले. कारखान्यात संप झाला, मग मालकांनी टाळं ठोकलं. यादीतले गेले आणि यादीत नसलेलेही गेले. ऑफिस तेवढं राहिलं, आणि त्यात मी कायम झाले. लोक म्हणू लागले, मास्तरने घात केला, गुपचूप झालं असतं तर थोडक्यात भागलं असतं. डिस्पॅचचे क्लार्क काचीगुड्याच्या बसस्टॉपवर हे त्यांच्या तोंडावर बोलले. मी शेजारीच रांगेत होते. मास्तर एवढंच म्हणाले, "हौ. गलती झाली."

पुढे ते कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसत, लोकांचे अर्ज करून देत. माझी बस तिथूनच जायची. खिडकीतून त्यांची वाकलेली मान दिसायची. किती वर्षं दिसली. मी एकदाही उतरले नाही.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. दहावं-तेरावं होऊन गेलं होतं. घरी गेले तर त्यांच्या बायको पलंगावर कपड्यांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "काकू, तो प्रिंटर मी चालू ठेवला होता."

"माहीत आहे. त्याच दिवशी सांगितलं त्यांनी."

काकूंनी ढिगातला एक सदरा घडी करून बाजूला ठेवला.

"म्हणाले, 'पोरगी विसरली. पण मला तेव्हाच कळलं होतं. पडद्यावर ओळी रखडत होत्या. बटण दाबायला बोट गेलंही होतं. मग नावं यायला लागली. सगळे मीच शिकवलेले. बोट उचलून घेतलं.'" काकूंनी एक चादर ओढून घेतली. "तर तुझ्यामुळे काही झालं नाही. त्याचं रडू नको."

"त्यांनी मला कधीच..."

"कधी सांगणार? वाट बघायचे. बस गेली की घरी येऊन सांगायचे, आज खिडकीत होती." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "एकदा उतरायचं होतंस, बाई."

चादरीची दोन टोकं त्यांनी माझ्याकडे केली. मी ती धरली. आम्ही दोघींनी चादर झटकली आणि घडी घालायला एकमेकींच्या जवळ आलो.