मातिल्दला तिखट लागत नाही

हंगेरीतल्या सेगेदमध्ये माणसाची अब्रू जिभेवर असते. माशाचं सूप कितीही जळजळीत असो, पाणी मागायचं नाही. मागितलं तो संपला. मातिल्द तोंबात्सने ऐन लग्नाच्या वयात एका भल्या शाळामास्तरला एवढ्यासाठीच नकार दिला, की पहिल्याच चमच्यानंतर त्याने पेल्याकडे हात नेला. "ज्याचं घोटभर पाण्यावाचून अडतं, तो जन्मभर काय साथ देणार?" ती म्हणाली. मग तिने तोंबात्सशी लग्न केलं. त्याने बारकी गोल मिरची अख्खी चावली आणि हवापाण्याच्या गप्पा मारत बसला. पुढच्याच मिनिटाला त्याने गोठ्यामागे जाऊन घोड्याच्या हौदात तोंड बुडवलं होतं, हे तिला कळलं ते त्याच्या मयताच्या जेवणात. मेलेल्या नवऱ्यावर ती आठवडाभर रुसून होती.

मिरच्यांच्या माळा ओवण्यात आणि बाजारात लाल पूड विकण्यात तिचा जन्म गेला. त्याच हातांनी ती खुशाल डोळे चोळायची. गिऱ्हाईकाने "फार तिखट नाही ना?" असं विचारलं, की मिरच्या हिच्याच नाकाला झोंबायच्या.

अशा बाईला नागीण झाली. फोड सुकले, पण बरगडीवरची आग काही जाईना. कपडा नुसता घासला तरी जीव कळवळायचा. पण कुणाला सांगेल तर शपथ. नात बिलगायला आली, की "लांब हो, हात मिरचीचे आहेत" म्हणून तिला दूर सारायची, आणि पोर हिरमुसून गेली की आत जाऊन रडायची. शेवटी नेहमीच्या डॉक्टरांनीच ते ओळखलं आणि तिला विद्यापीठाच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथे असल्याच दुखण्यावरचं एक नवं मलम तपासून बघत होते.

तिथली डॉक्टर एनिको लांब पश्चिमेकडची, गोरीपान आणि सोशीक. "मावशी, आपल्या नसांच्या टोकाला कुलूप असतं म्हणा. मिरचीची किल्ली त्यात बसली की आग होते. आमचं मलम ती किल्ली बसूच देत नाही. आधी हातांवर बघू. एका हातावर मलम, दुसऱ्यावर नुसती चरबी. कुठे काय ते मलाही माहीत नाही. मग दोन्हीवर मिरचीचा अर्क. किती आग होते ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. फरक दिसला तर बरगडीला लावायला मलम मिळेल."

अर्क लावला. डावा हात लालबुंद झाला.

"किती?"

"शून्य."

"आणि उजवा?"

"शून्य. हा अर्क बाजारातून आणलास का गं पोरी? फसवलं तुला."

"मावशी, घाम फुटलाय तुम्हाला."

"खोली कोंदट आहे."

"खिडकी उघडी आहे की."

"म्हणूनच. बाहेरचं कोंदट आत येतंय."

एनिकोने कपाळाला हात लावला. सकाळपासून आलेलं अख्खं सेगेद शून्यावर अडून बसलं होतं. एक कोळी तर उणे दोन म्हणाला होता. "शून्य आणि शून्य लिहिलं, तर मला तुम्हाला घरी पाठवावं लागेल, मावशी. मलम मिळणार नाही."

मातिल्दचा चेहरा उतरला. पण बाई मोडेन पण वाकणार नाही या जातीची. ती तरातरा उठली. उठताना झंपर बरगडीला घासला आणि तिने खुर्चीचा हात गच्च धरला. एनिकोने ते पाहिलं.

"बसा हो. तुमचं राहू द्या. हाच डावा हात तुमच्या नात्यातल्या एखाद्या नाजूक बाईचा असता तर?"

मातिल्दचे डोळे लकाकले. "माझी जाऊ एतेल्का! बुडापेस्टची. ती गोड मिरचीलासुद्धा हायहाय करते. ती नऊ म्हणाली असती आणि पाद्रीबाबाला बोलावलं असतं!"

"आणि उजवा?"

मातिल्दने उजव्या हाताकडे नीट पाहिलं. "एक. इथे तिला डुलकी लागली असती."

"आणि बरगडी? तिथे काय म्हणाली असती?"

मातिल्दने टोमणा मारायला तोंड उघडलं आणि तिची नजर आपल्या हातांकडे गेली.

"तिला," ती म्हणाली, "तिला नातीला जवळ घेता आलं नसतं." आणि तिचे डोळे भरून आले.

"हे बाजारात कळेल?" मातिल्दने पदराआड विचारावं तसं हळूच विचारलं.

"इथे नावं नसतात, मावशी. नुसते क्रमांक."

"शपथ?"

"शपथ."

"मग लिही. एतेल्काचं नको, माझं लिही. डावा नऊ, उजवा एक. बरगडी अकरा."

"दहाच्या पुढे नाही हो मावशी."

"मग दहा लिही," मातिल्दने डोळे पुसले. "एक राहू दे माझ्याकडे."