कण्यांतल्या पिवळ्या गोळ्या

पहिलं बाळंतपण माहेरी, अमडापूरला, हे मी लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. पण सहावा महिना लागला तशी मी पांढरीफटक पडले. डॉक्टरांनी बजावलं, रक्त वाढलं नाही तर एसटीचे धक्के बंद, बाळंतपण बुलढाण्याच्या दवाखान्यातच. सोबत फॉलिक आम्लाच्या पिवळ्या गोळ्या दिल्या. मी दोन दिवस घरभर फणफणत फिरले.

सासरी, धाड गावी, आमचा भाजीचा मळा होता आणि नवरा गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याला कुणी काही विचारायचा अवकाश! "या गोळीनं रगत कसं वाढते?" एवढंच सासूबाई म्हणाल्या, आणि मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्याचा तास सुरू झाला. गोळीतलं जीवनसत्त्व शरीराला जसंच्या तसं चालत नाही. यकृतात रिडक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम असतं. ते त्याला एकदा हायड्रोजन जोडतं, मग पुन्हा एकदा जोडतं, तेव्हा कुठे त्यातून सहविकर तयार होतं. रक्ताच्या नव्या पेशी बनवणाऱ्या दुसऱ्या विकरांचं काम त्याच्याशिवाय अडतं. सासूबाईंना त्यातलं काही उमगेना. मग तो म्हणाला, "आई, ज्वारी पयले भरडतेस, मंग शिजवतेस, तवा कण्या होतात नं? तसंच हे."

इथेच घात झाला.

"मंग पोरीचं आंग आधीच थकून राह्यलं, तिनंच काऊन भरडावं अन् शिजवावं?" सासूबाई त्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "गोळ्या माह्याजवळ दे. मी कण्यांतून देतो."

गोळी गिळताना मला उमासे यायचे, म्हणून मी खुशीनं डबी सोपवली. वाटलं, पूड करून माझ्या वाटीत घालतील. रोज सकाळी ताकातल्या कण्या मी चाटूनपुसून खाल्ल्या.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी माझी पापणी ओढून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. रक्त होतं तिथंच होतं. "गोळ्या घेता ना?"

"हाव, रोज," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "मी सोता खलबत्त्यात कुटतो, अन् मोठ्या गंजात कण्यांसंगं शिजवतो. घरचे सारेच खातात."

म्हणजे सासरे, दीर, नणंद, आणि ते पातेलं विसळलेलं पाणी पिणारी म्हैससुद्धा! डॉक्टरांना हसू आवरेना. मी मात्र तिथंच सासूबाईंवर ओरडले. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला फार वाईट वाटलं, पण रागही जाईना.

घरी आल्यावर नवऱ्यानं समजावलं, की रिडक्टेजचं काम कुठल्याच चुलीला जमत नाही. त्या दिवसापासून सासूबाई सकाळीच पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या. गोळी गिळली तरी "आ कर" म्हणून तोंड उघडून बघायच्या. उमासे आले तर पाठ चोळायच्या.

रक्त वाढलं. डॉक्टरांनी अमडापूरला जायची परवानगी दिली आणि मी त्याच दिवशी पेटी भरली.

स्टँडवर सासूबाई खिडकीशी आल्या. डोळ्यांना पदर लावून त्यांनी शेजारी उभ्या मुलाला विचारलं, "काऊन रे, ते तुह्यं रिडक्टेज अजून थोडं आळशी राह्यलं असतं, तं पोरगी माह्याजवळच राह्यली असती नं?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीतून त्यांचा हात धरला होता, तो काही मला सोडवेना.