निशा घरत आणि चुनखडीची विहीर

निशा घरत जासईची. तिचे वडील जगन विहिरी खणायला जात. दोराला धरून खाली उतरणारा बाप बघतच ती मोठी झाली, त्यामुळे खोलीची भीती तिला कधी शिवली नाही. पनवेलच्या एका लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने घेते. सुट्टीच्या दिवशी गिर्यारोहण करणाऱ्या गटाबरोबर कडे उतरते. वय चाळिशीकडे झुकलेलं, लग्न केलेलं नाही, आणि घरच्यांनीही आता तो विषय सोडून दिलाय.

गटाचा म्होरक्या सत्यजीत, नवीन पनवेलला राहणारा. मेघालयातल्या गुहेत उतरायची टूम त्याचीच. आपल्याकडचा कातळ काळा आणि भरीव. तिकडे चुनखडी, तिला पाणी युगानुयुगं विरघळवत राहतं आणि डोंगराच्या पोटात उभी विहीर तयार होते. तशाच एका विहिरीत फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत तिघं दोरावरून उतरले. सत्यजीत, निशा आणि कॉलेज नुकतंच संपवलेली अंकिता. दोघंजण वर दोरापाशी थांबले.

विहिरीच्या तळाशी एक तिरकी फट होती. आडवं पडून, घसरत तिच्यातून खाली गेलं की मोठं दालन. तिथल्या पांढऱ्या, ओल्या दगडी पडद्यांवरून निशा किती तरी वेळ बॅटरी फिरवत राहिली.

परतताना तीच फट चढायची होती. सडपातळ अंकिता आधी निघाली आणि पार झाली. मागोमाग निशा शिरली, हात पुढे, मान एका अंगाला. तिच्या पाठोपाठ सत्यजीत.

मध्यावर तिची छाती अडकली.

श्वास घेतला की दगड आवळायचा. सोडला की अंग थोडं मागे घसरायचं आणि आणखी घट्ट बसायचं. कानाखाली गार दगड, नाकापुढे गार दगड.

"काय झालं?" मागून सत्यजीतने विचारलं.

"अडकलेय."

मग त्याचा श्वास ऐकू यायला लागला, भरभर, धापा टाकल्यासारखा. त्याच्या बाहेर पडायच्या वाटेत निशा होती, आणि दुसरी वाट नव्हती. एकाएकी त्याने तिचा घोटा धरून खाली ओढलं. जॅकेट छातीखाली गोळा झालं. निशाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"दादा, ओढू नका."

"मला बाहेर जायचंय. निशा, मला इथून बाहेर जायचंय."

इतकी वर्षं ज्याच्या शब्दावर ती कड्यावरून पाय सोडत आली, तो माणूस मागे रडकुंडीला आला होता. तिला स्वतःलाही ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडायला लागणारा श्वास छातीत मावत नव्हता. मग सुईला घाबरणाऱ्या पेशंटशी बोलते त्या आवाजात, तुटक तुटक, ती बोलू लागली.

"डोळे मिटा. मूठ सोडा. माझा पाय सोडा. हां. आता हळू श्वास सोडा."

घोट्यावरची पकड सुटली. बराच वेळ दोघं तसेच पडून राहिले. बॅटरीचा उजेड दगडावर हलत नव्हता. आपण इथेच राहिलो तर आईला काय सांगतील, हा विचार एकदा आला, आणि तिने तो पुढे जाऊ दिला नाही.

"दादा, खांदा माझ्या तळपायाखाली आणा. मला टेकू पाहिजे."

तो सरकला. पायाखाली खांदा लागला. पुढून अंकिताने पट्ट्याचा फास टाकला, निशाने तो मनगटाभोवती घेतला. उरलासुरला श्वास सोडून दिला आणि पाय रोवून जोर लावला. कुशीत काहीतरी कट्‌कन वाजलं. कळ मस्तकात गेली, पण अंग पुढे सरकलं होतं.

सत्यजीत तिच्या मागून सुखरूप निघाला. वरच्या दोघांनी आधाराला दुसरा दोर सोडला. दोरावर वर सरकताना दर वेळी बरगडी ठणकत होती. वर पोचली तेव्हा डोंगरावर ऊन कलत होतं. ती गवतावर आडवी झाली आणि नुसता श्वास घेत राहिली.

घरी आई, भामा, छातीवरचा पट्टा बघून म्हणाली, "कुठं पडलीस गो?"

"पडले नाय, आई. अडकले व्हते."

आईने जेवायला वाढलं.

फटीत सत्यजीतने काय केलं ते निशाने गटात सांगितलं नाही. त्यानेच पुढच्या बैठकीत उठून सांगितलं, आणि म्होरकेपण सोडलं. ते आता निशाकडे आहे. पुढच्या हिवाळ्यात ती गटाला घेऊन पुन्हा त्याच विहिरीत उतरली. फटीत मात्र गेली नाही, कुणाला जाऊही दिलं नाही. एका नव्या मुलीने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "भीती वाटते मला. चल, दोर धर."