साडूच्या विमानाचा पंखा

माझ्या साडूने विमानाच्या नाकावर नवा पंखा बसवला, त्या दिवसापासून मला ॲसिडिटी आहे.

विलासराव आणि मी दोघेही सोलापूरचे चादरवाले. एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबची दोन म्हातारी, दोन सीटची विमानं आम्ही एकाच दिवशी घेतली. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, तशी विमानंही सख्खी! सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग तो पंखा आला आणि विलासरावांचं विमान घारीसारखं वर चढू लागलं. माझं चढायचं, पण म्हशीसारखं.

"ताईचं विमान किती पटकन चढतं, नाही?" माझी बायको सुनंदा म्हणाली. (मी तीन दिवस तिच्याशी मोजकंच बोललो.)

त्यात सासूबाईंची पंचाहत्तरी आली. कार्यक्रम कुंभारीच्या शेतावर, आणि दोन्ही जावयांनी वरून फेरी मारायची! म्हणजे अख्ख्या सासरवाडीदेखत हा माणूस माझ्या डोक्यावरून जाणार?

मी रशीदचाचांना गाठलं. दोन्ही विमानांचे मेकॅनिक तेच.

"चाचा, त्यांच्यापेक्षा भारी काय बसवता येईल?"

"मालक, पयले वजन उतरवा. लई फरक पडतो."

"उतरवलेलं वजन लोकांना दिसतं का? दिसेल असं सांगा!"

मग मी चाकांना चकचकीत टोप घेतले. "पळायला बरं, चढायला न्हाय," चाचा म्हणाले. चामड्याच्या जाड गाद्या घेतल्या. "बसायला बरं, चढायला न्हाय." शेवटी पायाखाली गालिचा आणला. चाचा नुसते गालिच्याकडे बघत राहिले.

आदल्या दिवशी माळावरच्या आमच्या धावपट्टीवर चाचणी घेतली. शेजारी सुनंदा. विमान पळालं, आणखी पळालं, पळतच राहिलं!

"अहो, उडवा की!"

"उडवतोय!"

"आपण अजून जमिनीवर आहोत!"

मी घाबरून इंजिन बंद केलं, ब्रेक दाबले. पट्टी संपवून आम्ही गवतात थांबलो. शेळ्या उधळल्या. एक मात्र तिथंच चरत राहिली, इतका आमचा वेग! विलासराव धावत आले. आम्ही धडधाकट आहोत हे बघून म्हणाले, "कुंभारीला रस्त्यानंच जाणार होय?"

चाचांनी टोप, गाद्या, गालिचा सगळं काढलं. सीटमागून चादरींचे नमुने, पाण्याचे दोन कॅन आणि शेंगाचटणीचा डबा निघाला.

"आता विलासरावांना मागं टाकेल?"

"न्हाय मालक. अजून शंभर किलो जादा हाय."

"कुठं?"

चाचांनी लाजून आभाळाकडे पाहिलं. सुनंदानं मात्र सरळ माझ्या पोटाकडे! विमान उडवायचा परवाना तिच्याकडेही आहे. (ती पहिल्या परीक्षेत पास झाली. माझ्या परीक्षांविषयी पुन्हा कधीतरी.)

दुसऱ्या दिवशी मी कुंभारीच्या मांडवात, हातात जिलबीची ताटली. सुनंदा एकटी विमान घेऊन वर आली आणि बघता बघता विलासरावांच्या वरून निघून गेली!

"अगंबाई! हे कुणाचं गं?" सासूबाईंनी टाळ्या पिटल्या.

"धाकट्या जावयांचं!" शेजारची बाई म्हणाली.

"मग ते हितं काय करतायत?"

मी जोरात टाळ्या वाजवल्या. आतून जळत होतोच, आता बायकोवर.

तासाभरानं विलासराव मांडवात आले. चेहरा पडलेला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर जळत होते!

"मानलं बुवा! एका रात्रीत काय बसवलंत?"

"बसवलं काही नाही," मी जिलबी गिळत म्हणालो. "एक जड पार्ट उतरवला."