पांढरी राहू दिलेली भिंत

पोरी, हे पत्र नीट वाच. कायले एवढा लांबलचक कागद धाडला? कोणत्या रसायनानं कॅन्सर होतो ते तपासायचं तुझं काम, मान्य. पण 'डीडीटीशी संपर्क किती दिवस?' असं आजीला कुणी विचारते का? माझ्या थोरल्या जावेच्या छातीतली गाठ त्यानंच झाली का, हे तर मलाच तुझ्याकडून ऐकायचं होतं.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी हिवतापाच्या मच्छरांवर डीडीटी फवारणारे आमच्या गावात आले. मातीच्या भिंतींवर पांढरे ओघळ उठले. "सारवू नका, औषध झाकून जाते," त्यांनी बजावलं. पण दिवाळी तोंडावर, आणि भिंती अशा ताक सांडल्यासारख्या! सासूबाई म्हणाल्या, "पाहुणे का म्हणतीन वं?"

मला सातवा महिना. माझ्या वाट्याच्या भिंती जाऊबाईंनी घेतल्या. उघड्या हातांनी पांढरं खरवडलं, शेणमाती कालवली, कोपरापर्यंत बरबटल्या. त्याच हातानं तंबाखू मळून तोंडात.

"बाई, हात तं धुवा!"

"औषधच हाये ना? पोटातले जंत मरतीन," म्हणून हसल्या.

माझ्या खोलीशी आल्या अन् थांबल्या. "हे भिंत राहू दे पांढरी. तुह्या लेकराले मच्छर नाही चावले पाहिजे." सासूबाई रागावल्या, पण जाऊबाई हलल्या नाहीत. तुझा बाप त्याच खोलीत जन्मला. त्या साली सारं घर हिवतापानं कुडकुडलं, तो नाही.

पुढच्या साली लेकरू कडेवर, म्हणून भिंती पुन्हा त्यांनीच सारवल्या. असं किती सालं चाललं. खूप वर्षांनी त्यांच्या छातीत गाठ निघाली. त्या गेल्या. तेव्हापासून वाटते, माझ्या वाट्याचं विष त्यांच्या अंगात गेलं.

तू लिहिलंस, एका बाईवरून ठरत नाही. किती अंगात गेलं, किती वर्षं, तंबाखू होता का, असं पुष्कळ लोकांचं पाहावं लागते. तरी जाऊबाईंपुरतं हो की नाही सांगता येणार नाही. बरं. खोटा दिलासा दिला नाहीस, ते आवडलं मला.

पण त्यांनी राहू दिलेली ती भिंत कुठं लिहू? तुझ्या कागदात तिचा रकानाच नाही.

म्हणून तूच ये. खोली अजून उभी आहे. किती खरवडत होत्या ते हातानं दाखवीन, तू तुझ्या हिशेबानं लिहून घे. दिवाळीची वाट पाहू नको, लवकर ये.