कालव्याकडेचा रस्ता

त्या माणसाने मला पहिल्यांदा खडसावलं तेव्हा मी सायकलवरून उतरलेसुद्धा नव्हते. वळणावर त्याचं कुत्रं माझ्या पोटरीशी येऊन भुंकत होतं आणि तो बागेच्या बांधावर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"ओ बाई, हिकडनं कुटं? ह्यो काय फिरायचा रस्ता हाय व्हय?"

"कुत्रं बांधा आधी," मी म्हणाले.

"कुत्रं माझ्या रानात हाय. तुमी कुणाच्या रानात हायसा ते बगा."

मी तासगावात राहते आणि सांगलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. गुडघे दुखायला लागले म्हणून चालणं सोडून सायकल घेतली होती. सुरुवातीला मोठ्या रस्त्याने जात असे. पण कारखाने सुरू झाले की त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर धावतात. एका सकाळी ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या मोळीने माझं हॅण्डल ओढलं आणि मी गटारात पडले. ट्रॅक्टर थांबला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पलूसच्या बाजूला जाणारा कालव्याकडेचा रस्ता धरला.

तिथे गाडी म्हणून दिसत नसे. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, लोखंडी अँगलवर ताणलेल्या तारा, ऑक्टोबर छाटणीनंतर फुटलेली कोवळी पालवी. रस्ता सपाट. कालव्याचं पाणी आणि माझ्या चाकांचा आवाज, बस. पुढची दोन गावं येईपर्यंत कोणी भेटत नसे. त्या रस्त्यावर मला एकच माणूस नको होता आणि नेमका तोच रोज भेटायचा.

सगळे त्याला सुभेदार म्हणत. फौजेतून निवृत्त होऊन त्याने बाग लावली होती. साठी ओलांडलेला, काटक, मिशा पिळलेल्या. मला पाहिलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं. माझ्या कपड्यांवरून बोलायचा, हेल्मेटवरून बोलायचा. "शेंडी झाकली, बाकीचं उगडं," असं एकदा गड्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि ते हसले. मग एके दिवशी रस्त्यावर बाभळीचे काटे पसरलेले दिसले. माझी दोन्ही चाकं बसली. मी सायकल ढकलत परत आले, तशीच पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेले आणि रस्ता कालव्याचा आहे, खाजगी नाही, हे नकाशावर पाहून आले. त्या नकाशाची प्रत दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर धरली.

त्याने ती हातातही घेतली नाही. "नकाशा तिकडं वर्गात दावा पोरास्नी."

त्यानंतर मीही सरळ राहिले नाही. त्याची शेड आली की मुद्दाम घंटी वाजवायची. एकदा नाही, शेड संपेपर्यंत. तो चहाची कपबशी घेऊन बाहेर बसलेला असे, मान वर न करता. त्याला त्रास होतोय हे कळत होतं आणि त्याने मला बरं वाटत होतं.

जानेवारीत साताऱ्याच्या एका सायकल गटाने मला विचारलं. त्यांचे प्रमुख पन्नाशीचे आर्किटेक्ट होते, गप्पिष्ट, सतत फोटो काढणारे. महामार्गावरच्या ट्रकांना ते कंटाळले होते. द्राक्षांच्या गावांतून जाणारा निवांत रस्ता हवा होता आणि शेवटी पलूसकडच्या एका छोट्या वायनरीत जेवण. नऊ जण येणार होते. मला दुसरा रस्ताही ठाऊक होता, थोडा लांबचा. मी कालव्याचाच दिला. एकटी बाई पाहून तो गुरगुरतो, दहा सायकली पाहून काय करतो ते बघू, असं मनात होतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी रस्ता पाहून आले. सुभेदाराच्या बागेत औषध फवारणारा ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरत होता, पांढरं धुकं पार रस्त्यापर्यंत येत होतं. ती बाग उशिरा छाटलेली, त्यामुळे आजूबाजूचा माल काढणीला आला तरी इथे मण्यांत पाणी नुकतं उतरत होतं, म्हणजे ते आता कुठे पिकायला लागले होते. मी नाकाला रुमाल लावला आणि निघून आले.

रविवारी आम्ही तिथे पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. शेडजवळ कोणी दिसेना. आर्किटेक्ट म्हणाले, "वा! इथे पाच मिनिटं थांबूया." आणि सायकल बांधाला टेकवून ते सरळ बागेत शिरले. मागून बाकीचे. घड हातात धरून फोटो, घडाआडून चेहरा काढून फोटो. मी रस्त्यावरच उभी होते. काल औषध मारलंय हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. फोटोच तर काढतायत, असं वाटलं. आर्किटेक्टनी मूठभर मणी तोडून तोंडात टाकले. मग अजून मूठभर. "थोडी आंबट आहेत," असं म्हणाले.

तेव्हाही मी काही बोलले नाही.

सुभेदार पाण्याच्या मोटारीकडून आला. धावतच आला. त्याच्या हातात काठी नव्हती, पण सगळे मागे सरले.

"भाईर व्हा! सगळी भाईर व्हा आदी!"

"काका, आम्ही फक्त फोटो..." एक मुलगी म्हणाली.

"हात लावला का न्हाई घडाला? लावला ना? हे बग." त्याने एक घड उचलून दाखवला. मण्यांवर मूळचीच पांढुरकी भुकटी असते, ती बोटांच्या ठशांनी पुसली गेली होती. "हे पुसलं की परदेशी जाणारा माल संपला. दारूच्या द्राक्षाला चालतं, ती कशीबी चालत्यात. हा खायचा माल हाय, कळतंय का?" मग त्याने मला पाहिलं. "आणि तू. तू आणलीस ही जत्रा."

इतके दिवस तो मला 'तुमी' म्हणत होता.

"एकेरीत बोलू नका," मी म्हणाले. "रस्ता सरकारी आहे."

"रस्ता सरकारी आसंल. बाग सरकारी हाय का?"

तेवढ्यात आर्किटेक्ट बांधावर खाली बसले. त्यांना घाम फुटला होता, कपाळावरून ओघळत होता. मग ते एका बाजूला वळले आणि त्यांना उलटी झाली.

सुभेदाराचा आवाज एकदम बदलला. फौजेत हुकूम देत असेल तसा.

"ह्यानं खाल्ली का? किती? आनि कुणी खाल्ली?"

दोघींनी एकेक मणी चाखल्याचं सांगितलं. त्याने त्यांना मोटारीच्या पाण्याने हात आणि तोंड धुवायला लावलं. एक जण आर्किटेक्टना मीठपाणी पाजायला निघाला, तर त्याच्या हातातली बाटली ओढून घेतली. "कायबी पाजू नगा. डाक्टर ठरवंल." शेडमध्ये जाऊन तो औषधाचा रिकामा डबा पिशवीत घालून घेऊन आला. बरोबर फवारणीची वही होती. कधी, कोणतं, किती मारलं ते सगळं त्यात लिहिलेलं. पिकअप काढली. आर्किटेक्टना खिडकीशी बसवलं, मला मध्ये. सायकली आणि बाकीचे लोक तिथेच राहिले.

तासगावचं सरकारी रुग्णालय येईपर्यंत तो एका क्षणासाठीही गप्प बसला नाही. शिकलेली माणसं, जनावरालाबी कळतं कशाला तोंड लावावं, असं बरंच काही. आर्किटेक्ट डोळे मिटून पडले होते. त्यांची मान माझ्या खांद्यावर येत होती.

"कवापासनं सांगतोय ह्या रस्त्यानं येऊ नगा. ब्लोअर चालू आसतोय."

"ब्लोअरचं तुम्ही एकदाही बोलला नाहीत," मी म्हणाले. "माझ्या कपड्यांवर बोललात. काटे टाकलेत."

"सांगितलं आस्तं तर ऐकलं आस्तं?"

तो खरं बोलत होता की त्या क्षणी सुचलं म्हणून बोलला, हे मला आजही ठरवता येत नाही. पण मी शनिवारी नाकाला रुमाल लावला होता, हे मात्र मला तिथे गाडीत बसल्या बसल्या आठवत होतं.

डॉक्टरांनी डबा आणि वही पाहिली आणि लगेच इलाज सुरू केला. डबा आणला ते बरं झालं, असं म्हणाले. सुभेदार बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून होता. धोका टळला असं नर्सने सांगितल्यावर उठला आणि गेला.

आर्किटेक्ट दुसऱ्या दिवशी घरी गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी गटाच्या व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहिलं. विषारी द्राक्षं, बेफिकीर शेतकरी, कुठेही पाटी नाही, अरेरावी. बागेचा फोटो टाकला, गावाचं नाव टाकलं. त्यांना कोणी गाडीतून नेलं याचा उल्लेख नव्हता. लोकांनी ते पुढे पाठवलं. माझ्या शेजारणीच्या फोनवरही आलं.

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर शनिवारचं सांगावं लागलं असतं. शेवटी लिहिलं. फवारणी मी आदल्या संध्याकाळी पाहिली होती, तुम्ही परवानगीशिवाय आत शिरलात, न विचारता तोडून खाल्लंत आणि त्या माणसाने तुम्हाला दवाखान्यात पोचवलं. तासाभराने मला गटातून काढल्याचं दिसलं. आर्किटेक्टचा वेगळा निरोप आला, "तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत?" त्याखाली त्यांनी अजून बरंच लिहिलं होतं. ते बरोबर होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी सायकल घरी ठेवून, पंजाबी ड्रेस घालून, बसने सुभेदाराकडे गेले. तो बागेत नव्हता. शेडच्या मागे जाळ्यांची मांडणी उभी केली होती आणि तिच्यावर द्राक्षं सुकायला पसरली होती. हिरवी, सुरकुतायला लागलेली. तो आणि त्याची सून घड पसरत होते.

"माल बेदाण्याला टाकला?" मी विचारलं.

"माल परदेशी धाडणारा आला हुता. मोबाइल दावला. म्हणला, ह्या गावाचं ह्या साली नगं." त्याचे हात थांबले नव्हते. "साऱ्या गावाचं म्हणला. माझ्या एकट्याचं म्हणला आस्ता तर कळलं आस्तं."

"चूक माझी होती. मला ठाऊक होतं, मी सांगायला हवं होतं. मी माफी मागायला आले."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिने बहुतेक बसायला सांगितलं असतं. पण तो म्हणाला, "मागितली न्हवं? झालं. जावा आता."

"तुम्ही त्यांचा जीव वाचवलात, हे मी सगळ्यांना लिहिलंय."

"मी न्हाई वाचिवला. माझ्या बांधावर मरू दिला न्हाई, एवढंच." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "आनि तुमी ह्या रस्त्यानं परत दिसू नगा. नकाशात काय बी आसू दे."

मी निघाले. फाट्यापर्यंत चालताना मला लाज वाटत होती आणि रागही येत होता. गाडीत त्याने आम्हाला जनावरांखाली मोजलं होतं, ते मी विसरले नव्हते. कुत्रं कालव्यापर्यंत माझ्या मागे भुंकत आलं.

त्या गटातल्या एकीने, एक मणी चाखलेल्या मुलीने, गेल्या आठवड्यात निरोप पाठवला. आर्किटेक्टनी सायकल चालवणं सोडलंय, पण आम्ही चौघी यंदा परत यावं म्हणतोय, तो कालव्याचा रस्ता फार छान होता. मी तिला लांबचा रस्ता लिहून पाठवला, त्यात दोन चढ आहेत हेही सांगितलं. वाटेत कुठल्याही बागेत शिरू नका आणि कशालाही हात लावू नका, असं खाली लिहिलं. तिने विचारलं, "तुम्ही येणार का?"

मी नाही म्हणाले.