घोडीची गोळी

कोवळी काकडी चिरली की मला मानवतचं सासर आठवतं. मी नवी नवरी होते, तेव्हा सासऱ्यांच्या टांग्याच्या घोडीनं हरभऱ्याचं पोतं फस्त केलं. तिची खुरं तापली, पाऊल उचलेना. डॉक्टरांनी दाणा आणि गोड बंद करून गोळ्या दिल्या, पण ती त्या थुंकून टाकायची. शेवटी सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. “सूनबाई, जरा गूळ द्या.” “मामा, गोड बंद हाय की,” म्हणत मी काकडी पोखरून गोळी आत दडवली. घोडीनं ती कर्रकन खाल्ली. मग रोज तसंच चाललं. एका सकाळी मात्र ती आपल्या पायांनी अंगण ओलांडून आली आणि तिनं थेट चुलीपाशी मान घातली. मी किंचाळले. “आता आमाला कोन इचारतंय!” म्हणत सासरे हसत सुटले. तोंडाला पदर लावायचा विसरून मीही हसले. त्या घरात इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच. आता माझं हसणं पार रस्त्यापर्यंत ऐकू जातं म्हणतात.